न्यूरो तपासणीचा क्रम पाठ आहे, पण पेशंटसमोर गाडी अडते

अंतिमवर्ष
नमस्कार. मेडिसिनच्या पोस्टिंगला आहे. हायर फंक्शन्स (शुद्ध, स्मृती, भाषा), क्रेनियल नर्व्ह्ज (मेंदूतून निघणाऱ्या नसा), मोटर (ताकद), रिफ्लेक्स (हातोडी मारल्यावरचा झटका), सेन्सरी (संवेदना), सेरेबेलम (तोल), चाल, सगळं तोंडपाठ आहे. पण पेशंटपाशी गेलो की पाऊण तास जातो, पेशंट कंटाळतो आणि सरांनी "मग लीजन कुठे?" (म्हणजे दोष नेमका कुठे) असं विचारलं की माझ्या हातात नुसती यादी असते. रिफ्लेक्स कधी मिळतात, कधी नाही. सेन्सरीवर तर माझाच विश्वास बसत नाही. रोजच्या कामात तुम्ही नेमकं काय करता?

न्यूरोवाली
क्रम राहू द्या, तो चांगला आहे. अडचण ही आहे की तुम्ही मनात प्रश्न न धरता तपासायला बसता. काय झालं असावं हे बहुतेक वेळा हिस्टरी सांगते: अचानक आलं, दिवसागणिक वाढलं, की येतं-जातं. कुठे झालं हे तपासणी सांगते. म्हणून हॅमर (रिफ्लेक्सची हातोडी) उचलायच्या आधी मनाशी एक अंदाज बांधा, मेंदू, कॉर्ड (मज्जारज्जू), नस की स्नायू, आणि मग तो अंदाज चुकीचा ठरवता येतो का ते बघत तपासा. पाऊण तास आपोआप कमी होतो.

पेशंटला चालता येत असेल तर मी चाल सगळ्यात आधी बघते. पुस्तकात ती शेवटी असते म्हणून वॉर्डातही शेवटी राहते आणि मग राहूनच जाते. एक हात हलतच नाही आणि पावलं लहान पडतात, तर पार्किन्सनचा विचार करा. पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे येतो, तर त्या बाजूला स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा) आहे. गुडघा उंच उचलून पाऊल थापटल्यासारखं पडतं, तर फूट ड्रॉप (पाऊल वर उचलता न येणं). वळताना नीट बघा, सरळ रेषेत लपलेला दोष वळणावर उघडा पडतो. मग टाचेला पंजा लावून चालायला सांगा, आणि पडू नये म्हणून शेजारी उभे राहा.

दुसरी गोष्ट, जिच्यावर माझा फार जीव आहे: प्रोनेटर ड्रिफ्ट. दोन्ही हात समोर, तळवे आकाशाकडे, डोळे बंद, आणि दहा सेकंद गप्प राहायचं. पॉवर पाचपैकी पाच (पूर्ण ताकद) वाटणाऱ्या पेशंटचा एक तळवा हळूहळू आत वळतो, मग हात खाली उतरू लागतो. पेशंटला त्याचा पत्ताही नसतो. नुसत्या ताकदीच्या झटापटीत हे निसटतं, कारण धडधाकट माणसाची थोडी कमी झालेली ताकदही आपल्याला भारीच पडते.

चेहऱ्यासाठी भुवया वर करायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलेलं पण कपाळावर दोन्हीकडे आठ्या, तर दोष वर, मेंदूत. त्या बाजूचं कपाळही सपाट, तर दोष फेशियल नर्व्हमध्ये (चेहऱ्याच्या नसेत). प्युपिल (डोळ्यांच्या बाहुल्या), डोळ्यांच्या हालचाली आणि व्हिज्युअल फील्ड (नजरेचा आवाका) कधी सोडू नका. बाकीच्या नर्व्ह्ज तक्रारीनुसार.

सगळीकडे उजवं-डावं लागोपाठ तपासा. एकटा जोरकस रिफ्लेक्स फारसं काही सांगत नाही, दोन बाजूंतला फरक बोलतो.

फिजिओ_रिहॅब
रिफ्लेक्सबद्दल माझे दोन शब्द. न मिळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पेशंट सैल सोडत नाही आणि तपासणारा हॅमर दाबून मारतो. हॅमर शेपटाकडे धरा आणि मनगटातून त्याच्या वजनाने पडू द्या. बायसेप्सला आपला अंगठा टेंडनवर (स्नायूच्या दोरीवर) ठेवून अंगठ्यावर मारा, आकुंचन बोटालाच कळतं. तरी आला नाही तर पायांसाठी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगा आणि ओढतानाच मारा. हातांसाठी दात घट्ट आवळायला सांगा. एवढं केल्याशिवाय "रिफ्लेक्स नाही" असं लिहू नये.

न्यूरोवाली
अगदी बरोबर. त्याला कॉर्डमधून निघणाऱ्या नसांच्या मुळांची जोड द्या (सी मानेची, टी छातीची, एल कमरेची, एस त्याखालची): बायसेप्स सी 5-6, ट्रायसेप्स सी 7, गुडघा एल 3-4, घोटा एस 1. प्लांटर (तळव्याचा रिफ्लेक्स) करताना टाचेच्या बाहेरच्या कडेने वर या, करंगळीखालून आत वळा आणि अंगठ्याच्या आधी थांबा. अंगठ्याची पहिली हालचाल तीच खरी. पाय झटकन ओढून घेतला तर तो बॅबिन्स्की (अंगठा वर जाण्याचं लक्षण) नव्हे. बाळांमध्ये पहिल्या वर्षात अंगठा वर जाणं स्वाभाविक आहे.

सेन्सरी शेवटी ठेवा आणि थोडीच करा, कारण थकलेला पेशंट आपल्याला खूश करायला "हो हो" म्हणतो. "इथे कमी लागतंय का?" असं विचारू नका, "काय जाणवतंय?" असं विचारा. बधिर भागाकडून चांगल्या भागाकडे जा, सीमा स्पष्ट मिळते. ती बेंबीपाशी मिळाली तर टी 10, आणि लक्ष कॉर्डकडे वळवा. मोजे घातल्यासारखी दोन्ही पायांत मिळाली तर पेरिफेरल न्यूरोपॅथी (हातापायांच्या नसांचा आजार). अंगठ्याची पोझिशन तपासताना तो दोन्ही बाजूंनी धरा. वर-खाली धरलात तर दाबावरूनच पेशंटला उत्तर कळतं. पिन प्रत्येक पेशंटला नवी घ्या आणि लगेच टाकून द्या.

अंतिमवर्ष
खूप आभार, मॅडम. उद्याच ड्रिफ्ट करून बघतो. पण पेशंट बेशुद्ध असेल तर? सांगितलेलं काहीच करत नाही.

न्यूरोवाली
तेव्हा आधी श्वास, रक्तदाब आणि ग्लुकोज. साखर उतरली तर हुबेहूब पक्षाघातासारखं चित्र दिसू शकतं आणि ते सुधारता येतं. मग ग्लासगो कोमा स्केल (शुद्धीला गुण देण्याची पद्धत). नुसतं "9" लिहू नका, डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे गुण वेगवेगळे लिहा. पुढच्या पाळीच्या डॉक्टरला कशात घसरण झाली ते त्यावरूनच कळतं. वेदना देऊन चारही हातपाय किती आणि कसे हलतात ते बघा. एक बाजू मागे पडते का? मानेला इजा नाही याची खात्री असेल तरच मान वाकवून कडकपणा तपासा. प्युपिल दर वेळी टॉर्चने बघून आकार, प्रतिसाद आणि वेळ लिहा. मघाशी सारखे असलेले प्युपिल आता लहान-मोठे दिसले तर उरलेली तपासणी तिथेच सोडा आणि सीनियरला लगेच बोलवा.