तगणं, वाचवणं, जगवणं

प्रश्न : सगळं जग उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या कथा-कादंबऱ्यांवर लिहितो आहे. 'सर्व्हायव्हल'साठी 'अस्तित्वाचा लढा' वापरलं, पण आईबाप आणि मुलांच्या गोष्टीत ते बसत नाही. दुसरं काय वापरता येईल?

उत्तर : बसणारच नाही. अस्तित्वाचा लढा ज्याचा त्याचा असतो. 'तग धरणे'सुद्धा तसंच, तगणारा स्वतःपुरता तगतो. या गोष्टींतल्या आईबापांसाठी मराठीत प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया घडवणारं, क्रियापद तयार आहे : जगवणे. दुष्काळात गुरं जगवली, उन्हाळ्यात रोपं जगवली, असं आपण म्हणतो तेव्हा रोजची यातायात, पोटाला काढलेला चिमटा आणि उद्याचा नसलेला भरवसा हे सगळं त्यात येतं.

कॉर्मॅक मॅकार्थी यांची 'द रोड' (2006) घ्या. जग कशाने जळलं ते कादंबरी सांगत नाही, बापलेकांना नावंही नाहीत. वाटेत एकदा कोकोचं शेवटचं अर्धं पाकीट उरतं. बाप ते पोराला करून देतो आणि स्वतःच्या कपात नुसतं गरम पाणी ओतून त्यावर फुंकर मारतो. पोराच्या ते लगेच लक्षात येतं. असं करणार नाही म्हणून कबूल केलं होतंस, असं तो बापाला सुनावतो आणि बापाला त्यातला वाटा घ्यावाच लागतो. मला तर 'जगवणे' शिकवायला एवढा एक प्रसंग पुरेसा वाटतो, कारण इथे पोरगाही बापाला जगवतोय.

'वाचवणे' वेगळं. समोरच्या संकटातून बाहेर काढलं की ते काम संपतं. 'द लास्ट ऑफ अस' (2013) या गेममध्ये स्वतःची मुलगी गमावलेला जोएल शेवटी एलीला, जगभरच्या साथीचा रोग न होणाऱ्या मुलीला, इस्पितळातून उचलून नेतो, कारण तिच्यापासून लस बनवण्यात तिचा जीव जाणार असतो. त्याने तिला विचारलेलं नसतं आणि नंतर तो तिच्याशी खोटंही बोलतो. तिथे 'वाचवलं' हेच लिहा. 'जगवलं' लिहिलंत तर त्या एका निर्णयाची धार जाईल.

'जीव' हा शब्दही हाताशी ठेवा. पोरावर जीव असतो आणि धोक्यात असतो तोही पोराचा जीवच. या साहित्यावर लिहिणाऱ्याला याहून सोयीचा शब्द मिळणं कठीण.

प्रश्न : आणि 'पोस्ट-अपोकॅलिप्टिक'ला 'प्रलयोत्तर' चालेल?

उत्तर : चालेल. प्रलय म्हटलं की पूर डोळ्यांसमोर येतो, पण मूळ अर्थ लय पावणं, विरून जाणं असा आहे, त्यामुळे आग, रोगराई, युद्ध काहीही त्यात सामावतं. पुराणांत प्रलयानंतर नवी सृष्टी ठरलेली असते. या कथांत तशी हमी नसते, एवढं लेखात एका वाक्यात सांगून टाका. बाकी वाक्य असं करून बघा : 'प्रलयोत्तर जगात बाप पोराला जगवत राहतो.' त्यातलं 'राहतो' गाळू नका.