सारसाचे लाड आणि रोह्याला फटाके, हा दुजाभाव नाही का?

धानपट्टा: आमच्या गोंदियाकडे बांधीत सारसाची जोडी उतरली की लोक गाडी थांबवून बघतात. घरट्यासाठी ती भोवतालचे धान उपटून ढीग रचते, तरी हाकलणारे थोडेच. अन् वाशीम-अकोल्याकडे रोही, म्हणजे नीलगाय, दिसली की फटाके, कुत्री, कुंपणाच्या तारेत विजेचा झटका देणारं मशीन! पीक तर दोघंही नासवतात. मग लाल मानेच्या, माणसाएवढ्या उंच पक्ष्याला एक न्याय अन् मुक्या जनावराला दुसरा?

तूरवाला: भाऊ, हिशोब तरी बघा. सारसाचं घरटं खाटेएवढी, फार तर दोन खाटांएवढी जागा खाईल. त्यात अंडी दोन, महिनाभराची उबवण, संपलं. रोह्याचा थोराड नर दोन क्विंटलचा. कळप रात्री हरभऱ्यात शिरला की खाल्लं त्यापेक्षा तुडवलेलंच जास्त. परवा पहाटे गेलो तर तुरीचे शेंडे कात्रीनं छाटल्यासारखे, अन् धुऱ्यापाशी लेंड्यांचा हा ढीग. रोज त्याच जागी येऊन बसतात, हक्काचा संडास! तुम्ही फोटो काढा, आम्ही जागल करतो.

बांधावरची: तूरवाल्यांचं नुकसान खरंच आहे. पण संख्याही बघा ना. राज्यात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यात, तेही मोजके. विजेच्या तारेला धडकून एक गेला की अख्खी जोडी मोडते. रोह्याचं तसं नाही.

धानपट्टा: दुर्मीळ म्हणून लाड? उत्तर प्रदेशात सारस हजारोंनी आहेत, राज्यपक्षीच तो. तिथले शेतकरीही त्याला शेतात वावरू देतात. उलट बिहारात 2015 च्या डिसेंबरात नीलगाय उपद्रवी ठरवली आणि 2016 मध्ये मोकामा भागात दोनशेच्या वर गोळ्या घालून मारल्या. नावातली गायही कामी आली नाही. (तशी ती गाय नाहीच. जवळचं नातं चौशिंग्याशी, म्हणजे चार शिंगांच्या छोट्या हरणाशी.)

तूरवाला: गोळ्या घाला असं मी कुठं म्हटलं? सारसावर प्रेम करणं स्वस्त पडतं, एवढंच म्हणणं आहे. आमच्याकडे पंचनामा होईस्तोवर शेत मोकळं होऊन गेलेलं असतं.

बांधावरची: मग भांडण भरपाईशी आहे, रोह्याशी नाही.

तूरवाला: ताई, रात्री दोन वाजता बॅटरी मारली की समोर भरपाई दिसत नाही, आठ जोडी डोळे चमकतात. आज माझी पाळी आहे मचाणावर. येता?