मेटल डिटेक्टरला सरळ दांडा घरीच बनवायचाय

कोथरूडकर: माझ्या डिटेक्टरचा दांडा एस आकाराचाय, तासभर फिरवला की मनगट भरून येतं. सरळ दांडा करायचाय, ॲल्युमिनियम पाईप चालेल का आणि पुण्यात कुठे बघू?

पेठेतला_मिस्त्री: वरच्या भागाला ॲल्युमिनियम बिनधास्त वापरा पण कॉइलजवळचा, म्हणजे जमिनीवरून फिरणाऱ्या, धातू ओळखणाऱ्या चकतीजवळचा खालचा दांडा धातूचा नकोच, तिथे फायबरग्लास नाहीतर जाड पीव्हीसी आणि बोल्टही नायलॉनचा, नाहीतर मशीन स्वतःच्याच दांड्यावर वाजत राहतं. रविवार पेठेत बोहरी आळीत बघा, एक पाईप दुसऱ्यात घट्ट बसतोय का ते दुकानातच तपासा, जरा ढिला असला तरी कॉइल डुगडुगते.

सिंहगडरोड: मनगट दुखायचं खरं कारण तोल. बॅटरी कोपराच्या मागे न्या, पुढचं वजन लगेच हलकं वाटतं. आणि वायर दांड्याला घट्ट गुंडाळा, कॉइलपाशी लोंबती राहिली की खोटे सिग्नल येतात.

कोथरूडकर: मस्त, फायबरग्लासच घेतो. पहिली ट्रायल सिंहगडावर घेऊ का?

पेठेतला_मिस्त्री: अजिबात नको हो, गडकिल्ल्यांवर डिटेक्टर नेऊच नका, तो आपला ठेवा आहे. ओळखीच्या शेतात मालकाला विचारून फिरवा, आणि जुनं नाणंबिणं निघालंच तर १८७८ च्या कायद्याने १० रुपयांवरचं गाडलेलं धन कलेक्टरला कळवावं लागतं.