अनुभव धागा: होडीत आडवं पडून पाहिलेली बेटं

तिन्हीसांज
परवा त्रिपुरी पौर्णिमेला तळ्यावर गेले होते. एक आजी द्रोणातली पणती पाण्यात सोडत होत्या आणि वाऱ्याने ती सारखी पायरीला परत येत होती. "जा गं बाई, जा आता," म्हणून त्या बोटाने ढकलत होत्या. आणि मला एकदम थायलंडमधली फांग न्गाची खाडी आठवली.

२०१८ साली मी, नवरा आणि आई फुकेतला गेलो होतो. आईला पाण्याची भीती. पेणला जन्म काढला पण भाऊच्या धक्क्याहून लाँचने यायचं म्हटलं की ती म्हणायची, एसटी काय मेली आहे का? तिला सांगितलं होतं की मोठ्या बोटीतून संध्याकाळी चक्कर आहे, जेवण आहे. कनूचं, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीचं, बोललोच नव्हतो.

दुपारी आओ पो नावाच्या धक्क्यावरून बोट निघाली. तासाभराने पाण्यातून सरळ उभे राहिलेले डोंगर सुरू झाले. पायथा पाण्याने खाल्लेला आणि वर झाडी, म्हणजे छत्री उघडून ठेवल्यासारखे. बोट पानाक बेटापाशी थांबली, रबरी कनू खाली उतरवल्या. एका कनूत दोघं आणि वल्हवणारा मुलगा. तो आईला "मामा, मामा, सिट" म्हणतोय आणि आई मला विचारतेय, "मी याची मामा कशी?" या गोंधळात ती बसली पण.

पुढे गुहा. आत मिट्ट काळोख, वटवाघळांचा वास, कपाळावरच्या बॅटरीचा तेवढा उजेड. एके ठिकाणी छत इतकं खाली आलं की मुलाने कनूतली थोडी हवा सोडली आणि आम्हाला पाठीवर आडवं व्हायला लावलं. नाकापासून चार बोटांवर खडक, त्याला कालवांच्या धारदार शिंपा चिकटलेल्या. आईची रामरक्षा सुरू. मला फक्त "शिरो मे राघवः पातु, भालं..." एवढं ऐकू आलं, तिथेच आम्ही बाहेर आलो आणि ती थांबली. चारी बाजूंनी कडे, वर गोल आभाळ, मध्ये हिरवं पाणी आणि खारफुटी. त्याला तिकडे हाँग म्हणतात, म्हणजे खोली. चिखलात निवट्या, ते खाडीतले छोटे मासे, उड्या मारत होत्या. आई एवढंच म्हणाली, "अगो, निवट्या!" परदेशात ओळखीचं कोणी भेटावं तशी.

सूर्य बुडताना बोटीवर केळीच्या सोपाच्या चकतीवर पानं-फुलं लावून क्राथोंग, म्हणजे पाण्यात सोडायचा दिवा, करायचा कार्यक्रम होता. तो मुलगा पान दुमडून दाखवत होता. आईने दोन मिनिटं बघितलं, पान त्याच्या हातातून काढून घेतलं, आणि पत्रावळीला चोय लावतात तशी बारीक काडी टोचत तिनेच अख्खं केलं. मग दोघं एकमेकांच्या घड्या तपासत बसले. त्याला मराठी येत नाही, तिला थाई येत नाही, इंग्रजी दोघांनाही येत नाही.

अंधार पडल्यावर परत कनूतून गुहेच्या तोंडाशी गेलो, मेणबत्ती लावून क्राथोंग सोडलं. नंतर सगळे दिवे विझवून त्याने खूण केली, पाण्यात हात घाला. हात हलवला की बोटांभोवती निळसर ठिणग्या. आईने कोपरापर्यंत हात घातला होता. पाण्याला भिणाऱ्या बाईने.

तुमचेही असे अनुभव लिहा ना. थायलंडच हवं असं नाही. बेटं, गुहा, खाडी, होडी, संध्याकाळ, काहीही.

खमंगकाकू
वा!! पण सोडलेल्या क्राथोंगाचं काय होतं? समुद्रात कचराच ना?

तिन्हीसांज
नाही काकू, आमच्या कनूवाल्या मुलाने पाच मिनिटांनी सगळी परत गोळा करून बोटीत ठेवली. आईला ते अजिबात पटलं नाही. "सोडलेलं परत घेतात का कधी?"

बँकॉकचा_बाळू
इथे नोकरीला आहे म्हणून लिहितो. लॉय क्राथोंग हा सण थाई बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे साधारण आपल्या त्रिपुरीच्याच आसपास. त्या आजींवरून बरोबर आठवलं तुम्हाला. पाण्याच्या देवीची माफी मागतात, वर्षभर पाणी वापरलं, घाण केलं म्हणून. तिचं नाव मे खोंगखा. खोंगखा म्हणजे आपली गंगा. काही लोक क्राथोंगात नाणं, नखाचा तुकडा किंवा केस ठेवतात. टूरवाल्या बोटींवर मात्र रोजच लॉय क्राथोंग.

दर्यावर्दी_उरण
ताई, निळ्या ठिणग्या एवढ्या चांगल्या दिसल्या म्हणजे अमावास्येच्या पुढेमागे गेला असणार. चांदण्यात मजा नाही. आणि अमावास्या म्हणजे उधाणाचं पाणी. चढतं भरभर, उतरतं भरभर. हवा सोडून आत घेतलं कारण त्याच्याकडे वेळ नव्हता. अजून थोडं पाणी चढलं असतं तर गुहेचं तोंड बंद. मग आतच बसा सुकती, म्हणजे ओहोटी, होईपर्यंत. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी एवढं पळत नाही.

बाकी निवट्यांना बघून कोण आनंदी होतं आणि कोण पातेलं शोधतं यावरून माणूस कुठला ते कळतं. आमची आजी कालवण करायची. हात धुतला तरी दुसऱ्या दिवशी वास.

तिन्हीसांज
दर्यावर्दी, अमावास्याच होती!! आई म्हणालीच होती, अमावास्येला कुठे पाण्यात नेताय. तेव्हा आम्ही हसलो होतो.

पर्वतीपायथा
आमचा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणजे वाईट आहे. हॉटेलच्या काउंटरवर स्वस्तात मिळाली म्हणून टूर घेतली. 'सनसेट' होतं नावात. प्रत्यक्षात साडेचारला बोट परत फिरली. गुहेच्या तोंडाशी वीस-पंचवीस कनूंची रांग, लक्ष्मी रोडला गणपतीत असते तशी. आत सगळे ओरडून प्रतिध्वनी ऐकत होते. वल्हवणाऱ्याने मध्येच थांबून टिपचा डबा दाखवला. मी दिली नाही. नंतर वाटलं द्यायला हवी होती, त्या बिचाऱ्याला त्या पावतीतलं काय मिळत असणार.
सूर्यास्त हॉटेलच्या पार्किंगमधून पाहिला. चांगला होता.

खमंगकाकू
😂😂 पार्किंगमधून

नागपुरी_संत्रं
अबे पण साडेचारला सनसेट म्हणजे काऊन बे? त्यांचा सूर्य लवकर झोपते का?

भूगर्भी
थोडं खडकाबद्दल लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.
तो चुनखडक आहे, पर्मियन काळातला, पंचवीस कोटी वर्षांच्याही आधीचा. तेव्हाच्या उथळ समुद्रात शिंपल्या-प्रवाळांचा साठलेला गाळ. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की ते किंचित आम्ल होतं आणि चुनखडक हळूहळू विरघळवतं. डोंगर आतून पोकळ होतो, छत कोसळतं, आणि तुम्ही पाहिलेली 'खोली' तयार होते. हिमयुगात, वीसएक हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. म्हणजे ही बेटं तेव्हा जमिनीवरचे डोंगर होती. नंतर पाणी चढलं आणि डोंगरांची बेटं झाली. पायथ्याची खाच लाटांनी आणि खडक कुरतडणाऱ्या जिवांनी केलेली.
सह्याद्रीत हे होत नाही. आपला बसाल्ट असा विरघळत नाही. निसर्गाने खोल्या करून दिल्या नाहीत म्हणून आपल्या लोकांना छिन्नी घेऊन लेणी खोदावी लागली.

पेठेतला_पंत
भूगर्भी, शेवटचं वाक्य ढापणार आहे. लेण्यांवर व्याख्यान आहे पुढच्या आठवड्यात.

भूगर्भी
खुशाल. चहा पाजा.

सोनचाफा
मी अंदमानचं लिहू का? बाराटांग. आम्ही सेल्युलर जेल बघायला गेलो होतो, सावरकरांची कोठडी, मग एक दिवस मोकळा होता. पहाटे तीनला उठवलं. जिरकाटांगला गाड्यांचा ताफा थांबतो, सगळ्या गाड्या एकदम सोडतात कारण पुढे जारवा आदिवासींचं राखीव जंगल. काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही, थांबायचं नाही. आमच्या गाडीतला एक जण तरी मोबाइल काढत होता, सासूबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. अनोळखी माणूस!
मग होडीने खारफुटीतून. शेवटी शेवटी फांद्या दोन्हीकडून मिळून बोगदा होतो, वल्ह्याला मुळं लागतात. पुढे चालत चुनखडीच्या गुहेत. गाईडने एका लोंबत्या सुळक्यावर बॅटरी धरली. टोकाला एक थेंब. आम्ही सगळे तो पडायची वाट बघत उभे. पडलाच नाही. शेवटी सासरे म्हणाले चला, याला घाई नाही, आपल्याला फेरी गाठायची आहे.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
सासूबाईंना नमस्कार _/\_

व्हेज_बिचारा
जेवणाचं कोणीच लिहिलं नाही. बोटीवर बुफे होता, 'व्हेजिटेबल' लिहिलेल्या भाजीत फिश सॉस. मी दोन वाट्या खाल्ल्यावर कळलं. बायको म्हणाली, झालं ते झालं, आता कोळंबीपण घे.

बँकॉकचा_बाळू
व्हेज_बिचारा, पुढच्या वेळी 'जे' हा शब्द वापरा. 'किन जे' म्हणजे मी 'जे' जेवण खातो. त्यात मांस-मासे-अंडं नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. फुकेतला तर या 'जे' जेवणाचा मोठा उत्सव असतो, दुकानांवर पिवळे झेंडे लागतात. फिश सॉस नको असेल तर 'माय साय नाम प्ला'.

व्हेज_बिचारा
कांदालसूणही नाही म्हणजे चातुर्मासात जाता येईल!

खमंगकाकू
चातुर्मासात पाऊस असतो रे तिकडे पण. दशम्या आणि खाकरा ने गुपचूप.

बँकॉकचा_बाळू
काकू, पाऊस असतो पण ही खाडी आडोशाची आहे, फुकेतच्या पश्चिमेच्या किनाऱ्याएवढी खवळत नाही. तरी कोरडं हवं असेल तर नोव्हेंबर ते एप्रिल. आणि एक, बरेच जण फुकेट म्हणतात, पण ते फुकेत.

नागपुरी_संत्रं
आम्ही तर फुकट वाचून गेलो होतो 😭

लेकुरवाळी
माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, तेव्हा नऊ वर्षांचा. गर्दीत, आवाजात फार त्रास होतो. कनूत बसवायलाच अर्धा तास गेला, बाकीचे पुढे निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं. पण आमच्या कनूवाल्याने घाई केली नाही. गुहेतून आत आलो तर बाकीचे बाहेर पडत होते, आणि मग आम्ही तिघंच. त्याने ओठांवर बोट ठेवलं. मुलानेही ठेवलं. खूप वेळ कोणी बोललं नाही. वरून पाण्याचे थेंब पडत होते आणि तो एकेक मोजत होता, कुजबुजत. सत्तेचाळीस.
अजूनही घरात आवाज वाढला की ओठांवर बोट ठेवून 'हाँग' म्हणतो. आम्ही टीव्ही बंद करतो.

तिन्हीसांज
लेकुरवाळी ❤️

सोनचाफा
मोजलेले थेंब. आमचा एक पडला नव्हता.

हनोई_ते_हडपसर
आमचा व्हिएतनामचा 'हा लाँग बे'. जानेवारीत गेलो. युनेस्कोच्या यादीत १९९४ पासून, नावाचा अर्थ खाली उतरणारा ड्रॅगन, हे सगळं वाचून गेलो होतो. फक्त जानेवारीत तिथे धुकं आणि भुरभुर असते हे वाचलं नव्हतं. सूर्य नाहीच तर सूर्यास्त कुठला. बोटीच्या डेकवर पन्नास माणसं कॅमेरे घेऊन पांढऱ्या भिंतीकडे बघत उभी.
लुओन गुहेत मात्र बांबूच्या होडीतून नेतात. वल्हवणारी बाई माझ्या आईच्या वयाची. मला लाज वाटली, म्हटलं मी वल्हवतो. तिने वल्हं दिलं. होडी जागच्या जागी गोल फिरली, दोनदा. ती हसून हसून बेजार. परत घेतलं, आणि दोन झटक्यांत कमानीखालून पार.

दर्यावर्दी_उरण
वल्हं खांद्याने नाही, पाठीने मारायचं असतं.

हनोई_ते_हडपसर
आता सांगताय!

बॉन्डपत्नी
जेम्स बाँड आयलंडला कोणी गेलं नाही? १९७४ च्या सिनेमामुळे प्रसिद्ध झालेलं. बेटाचं खरं नाव खाओ फिंग कान, आणि त्याच्यासमोर पाण्यात उभा सुळका को तापू, म्हणजे खिळा. आणि दिसतोही खिळाच, वीसेक मीटर उंच, खाली बारीक वर जाड. १९९८ पासून बोटी जवळ नेऊ देत नाहीत, समोरच्या किनाऱ्यावरून बघायचा. नवऱ्याने तो तळहातावर धरल्याचा फोटो काढायला सांगितला. अकरा फोटो काढले. एकातही तळहातावर नाही, सगळीकडे कानात घुसलेला.

खमंगकाकू
फोटो टाका!

बॉन्डपत्नी
घटस्फोट झाला, फोटो त्याच्याकडे. (वाईट वाटून घेऊ नका, मजेत आहे.)

पर्वतीपायथा
त्या गुहांच्या तोंडाशी काही ठिकाणी बांबूच्या परांच्या बांधलेल्या दिसतात, त्या कसल्या?

बँकॉकचा_बाळू
पाकोळीची घरटी काढायला. ती लाळेने घरटं बांधते, चिनी लोक त्याचं सूप करतात, भयंकर महाग. परवाना असतो, राखणदार असतात. तिथे उगाच होडी घालू नका.

व्हेज_बिचारा
लाळेचं सूप. आणि मी फिश सॉसवर रडत होतो.

गुहागरची_मुक्ता
निळं पाणी बघायला थायलंडलाच जायला हवं असं नाही हं. आमच्याकडेही थंडीच्या सुमारास कधीकधी लाटा चमकतात. लहानपणी ओल्या वाळूत पाय आपटला की ठसा उजळायचा. आम्ही भुताचे पाय म्हणायचो आणि धाकट्या भावाला पुढे पाठवायचो. आता कोणीतरी व्हिडिओ टाकतं की लगेच रात्री दोनला शंभर गाड्या, सगळ्यांचे हेडलाइट समुद्राकडे. मग काय दिसणार, बंपर?

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
मी कुठेच गेलो नाही. सगळं वाचलं मात्र, ठाणे ते डोंबिवली, उभ्याने.

तिन्हीसांज
आईला धागा वाचून दाखवला. म्हटलं, तुला त्या रात्रीचं सगळ्यात जास्त काय आठवतं? मला वाटलं निळं पाणी म्हणेल. म्हणाली, "तो पोरगा. एवढ्या रात्री बोट धुऊन, ती फुलं काढून, घरी कधी जात असेल? जेवला होता का, ते विचारायचं राहिलं."
मग दर्यावर्दींना विचारायला सांगितलंय, उरणला निवट्या मिळतात का अजून.

दर्यावर्दी_उरण
कमी झाल्या, खाडी भरत चाललीय. पण मिळतात. आईंना सांगा, पाठवतो. कालवण येतं ना त्यांना?

तिन्हीसांज
ती म्हणते, "कोणाला विचारतोय हा!"