थंडीत ७१ डिग्रीचा थर्मोस्टॅट ठेवावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी दहा टायरी (ट्रक) सोलापूरहून चादरी-टॉवेल भरून इंदूर, कधी दिल्लीपर्यंत जाते. मे महिन्यात इथं पारा ४२ च्या वर. तुळजापूरचा घाट चढताना गाडी तापायची. मिस्त्रीनं ८२ डिग्रीचा थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी तेवढं तापलं की उघडून ते रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) काढून ७१ ला उघडणारा टाकला. उन्हाळा निभावला. (त्याच दिवशी रेडिएटरही धुतला होता, त्यामुळे गुण नक्की कशाचा, देव जाणे.)

आता रात्रीच्या थंडीत टेंपरेचरचा काटा वर चढतच नाही, उतारावर तर अजून खाली येतो. केबिनचा हीटर नुसता कोमट. लिटरला ४ चं ॲव्हरेज साडेतीनवर आलंय. परवा ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दुधाळ साय धरलेली! कूलंट (रेडिएटरचं पाणी) मात्र थेंबभर कमी नाही, म्हणून गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) फुटून पाणी ऑइलमध्ये गेलं नसावं, थंड इंजिनात वाफच जमत असावी असं वाटतं.

मिस्त्री म्हणतो, "इंजिन जेवढं थंड तेवढं टिकतं." मला काही पटत नाही. उत्तरेकडं थंडीत गाडी चालवणाऱ्यांनी सांगा: सरळ ८२ चा परत टाकू, की रेडिएटरसमोर अर्धा पुठ्ठा लावून हिवाळा काढू? शुक्रवारी लोडिंग आहे, त्याआधी कळलं तर बरं.