अनुभव धागा: दाराआड राहिलेला रुग्ण आणि दाराबाहेरची माणसं

साथ रोखायची तर आजारी माणसाला बाकीच्यांपासून लांब ठेवायचं, हे जंतूंचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधीपासून माणसाला कळलं होतं. प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस शहराबाहेर थांबवायचा नियम रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिक बंदरानं १३७७ मध्ये केला. वेनिसनं १४२३ मध्ये प्लेगच्या रुग्णांसाठी एका बेटावर कायमचं रुग्णालय उभारलं. नियम कुणी केले, कधी केले, सगळं लिहून ठेवलेलं आहे. पण त्या दिवसांत आतल्या माणसाच्या पोटापाण्याचं कुणी पाहिलं, हे शोधायला गेलं की पानं उलटत बसावं लागतं.

इंग्लंडमधल्या ईम गावाच्या बाबतीत ते सापडतं. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये या गावानं स्वतःला कोंडून घेतलं. आजूबाजूची माणसं हद्दीवरच्या दगडापाशी धान्य ठेवून जायची आणि गावकरी व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी तिथे ठेवायचे. गावात २६० च्या आसपास माणसं गेली. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला मात्र त्या धान्य आणून ठेवणाऱ्यांचं मोल तेवढंच वाटतं. ते आले नसते तर भुकेपोटी कुणीतरी हद्द ओलांडलीच असती.

तुम्ही कधी दाराच्या आत होता का? की बाहेर उभं राहून कुणाला सांभाळलंत? कसलीही साथ, कसलाही संसर्ग असो, कृपया लिहा.

क्षयातून बरी झालेली एक वाचक

मी आतली. फुफ्फुसाचा क्षय. निदान झालं त्या संध्याकाळपर्यंत माझं ताट, पेला, टॉवेल, सगळं वेगळं झालं होतं. खरं तर क्षय भांड्यांतून पसरत नाही. खोकल्यातून हवेत जाणाऱ्या जंतूंमुळे पसरतो. म्हणजे भांडी वेगळी झाली आणि खिडकी मात्र बंदच राहिली! ती उघडायला सांगितली औषधं द्यायला येणाऱ्या आरोग्यसेविकेनं. घरातल्या प्रत्येकाची तपासणी तिनंच करून घेतली. योग्य औषधं नियमित सुरू झाली की काही आठवड्यांतच रुग्णापासून लागण होण्याचा धोका खूप कमी होतो, हेही तिनं सगळ्यांना समोर बसवून सांगितलं.

त्यानंतर धाकटी बहीण रोज माझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागली. मास्क लावून, अभ्यासाचं पुस्तक घेऊन. फारसं बोलायची नाही. सहा महिने गोळ्या घ्यायच्या असतात, आणि मधेच बरं वाटायला लागलं की त्या सोडाव्याशा वाटतात. मी सोडल्या नाहीत त्याचं श्रेय मी त्या खुर्चीला देते.

अतिदक्षता विभागातली परिचारिका

ताई, खिडकीचं अगदी बरोबर. आता माझं लिहिते.

आमच्या प्रशिक्षणात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांची गोष्ट सांगतात. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी तसेच बाळंतिणींना तपासायचे. १८४७ मध्ये सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या द्रावणानं हात धुणं सक्तीचं केलं आणि बाळंतज्वरानं होणारे मृत्यू झपाट्यानं उतरले. तरी त्या काळच्या बहुतेक बड्या डॉक्टरांनी ते मानलं नाही. 'माझ्या हातून आजार जातो' हे कबूल करणं जड गेलं असणार.

आज हे न मानणारा कुणी भेटत नाही. तरीही हात धुणं राहून जातं. का, तर एका परिचारिकेकडे जास्त रुग्ण, बेसिन वॉर्डाच्या टोकाला, एकाचा अलार्म वाजतोय आणि दुसऱ्याची सलाईन संपत आलीय. एका ठिकाणी आम्ही मागे लागून प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हात निर्जंतुक करायच्या द्रावणाची बाटली लावून घेतली. भिंतीवरच्या सूचना वर्षानुवर्षं जे करू शकल्या नव्हत्या ते त्या बाटल्यांनी केलं. म्हणून कुणी 'लोकांना शिस्त नाही' म्हणालं की मी आधी विचारते, बेसिन कुठे आहे?

आणि हातमोजे घातले म्हणून हात धुवायचे नाहीत, असं नसतं. मोजे काढताना हाताला लागतंच. हे घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांनीही लक्षात ठेवा.

प्राथमिक शिक्षक

गोवराबद्दल सांगतो. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना लागण देत असतं. म्हणजे पुरळ बघून घरी पाठवेपर्यंत उशीर झालेला असतो. सुमारे ९५ टक्के मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळालेले असले तरच वर्ग सुरक्षित राहतो. ज्या तान्ह्या बाळांना अजून लस देता येत नाही, तीही त्यामुळेच वाचतात.

पण मला सांगायचं आहे ते ताप असताना शाळेत पाठवलेल्या मुलांबद्दल. स्टाफरूममध्ये 'पालक बेजबाबदार' असं सर्रास बोललं जातं. मी एका आईला विचारलं. ती म्हणाली, "सर, मी घरी राहिले तर कामावरून काढतील." तिला संसर्ग कसा होतो ते पक्कं माहीत होतं. तेव्हापासून मी आजारी मुलांचा अभ्यास घरपोच द्यायला लागलो, हजेरीचं बक्षीस बंद करायला लावलं. कामावरून काढण्याच्या भीतीवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. तो आजारपणाची पगारी रजा देऊ शकणाऱ्यांकडे आहे, आणि त्यांनी तो करावा असं मला मनापासून वाटतं.

लसीकरणासाठी घरोघर फिरणारी

देवी गेल्या त्या काही सगळ्या जगाला एकदम टोचून गेल्या नाहीत. रुग्ण सापडला की त्याच्याभोवतीची, त्याच्या संपर्कातली माणसं शोधून त्यांना आधी लस द्यायची, अशी वर्तुळं बांधत कामगार गेले. निसर्गतः देवी झालेला शेवटचा माणूस म्हणजे सोमालियातले अली माओ मालिन, ऑक्टोबर १९७७. रुग्णालयात स्वयंपाकी होते. देवीच्या रुग्णांना पोहोचवणाऱ्या गाडीत वाट दाखवायला थोडा वेळ बसले, आणि लागण झाली. लस घ्यायची त्यांना भीती वाटली होती, असं त्यांनीच पुढे सांगितलं. ते बरे झाले. नंतर पोलिओच्या लसीकरणासाठी हिंडले आणि लोकांना आपली गोष्ट सांगायचे.

मी जेव्हा बंद दारासमोर उभी असते तेव्हा मला ते आठवतात. एका घरी आजीबाई दर वेळी 'नको' म्हणायच्या. मी एकदा वही मिटून ओट्यावर बसले आणि का ते विचारलं. त्यांच्या नातवाला पूर्वी लसीनंतर ताप आला होता आणि असा ताप येऊ शकतो हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, फसवलं. त्या दिवशी मी ताप किती वेळ राहू शकतो, काय करायचं, कधी दवाखान्यात यायचं, सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन आले. पुढच्या फेरीला दार उघडं होतं.

प्रयोगशाळेतला

थोडक्यात लिहितो. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगनं सुमारे ६० हजार माणसं नेली. डॉ. वू लियेन-तेह यांनी ओळखलं की हा आजार श्वासावाटे पसरतोय, आणि कापूस-गॉजचे मास्क सगळ्यांना घालायला लावले. मेस्नी नावाच्या एका अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना ते पटलं नाही. त्यांनी मास्कविना रुग्ण तपासले आणि काही दिवसांत तेही प्लेगनं गेले. अनुभवाचा मान ठेवूनही पुराव्यापुढे नमायचं असतं, हे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला याच गोष्टीतून सांगतो.

इबोलाच्या साथीत काम केलेला डॉक्टर

२०१४ ते २०१६ च्या पश्चिम आफ्रिकेतल्या साथीत ११ हजारांहून अधिक माणसं गेली. मृतदेहातून लागण होते, म्हणून सुरुवातीला पथकं यायची आणि देह उचलून न्यायची. नातलगांना तोंडही बघायला मिळायचं नाही. मग लोक आजारी माणसं लपवायला लागले. रात्री गुपचूप दफन करायला लागले. जिथे असं झालं तिथे साथ वाढली.

नंतर पद्धत बदलली. कुटुंबाला आधी विचारायचं, प्रार्थनेला वेळ द्यायचा, सुरक्षित अंतरावरून त्यांना हजर राहू द्यायचं. आमच्या केंद्रात दोन बुटकी कुंपणं होती, मधे मोकळी जागा. पलीकडून आई आपल्या मुलाशी बोलू शकायची. एकदा एक बाई दिवसभर तिथे उभी होती, आतला मुलगा पाणी पिईपर्यंत त्याला हाका मारत. आम्ही संरक्षक पोशाखात फार वेळ टिकू शकत नव्हतो. उष्णतेनं बाहेर पडावंच लागायचं. ती तिथे होती म्हणून तो थोडं थोडं पीत राहिला.

एक वाचक

सगळ्यांचं वाचतोय. एक प्रश्न. घरात वेगळी खोलीच नसेल आणि एकाला फ्लूसारखा आजार झाला, तर?

अतिदक्षता विभागातली परिचारिका

दादा, बऱ्याच घरांत नसतेच. रुग्णाला खिडकीजवळची जागा द्या आणि खिडकी जमेल तेवढी उघडी ठेवा. दोन अंथरुणांत शक्य तेवढं अंतर, उशा विरुद्ध बाजूंना. रुग्णानं आणि जवळ जाणाऱ्यानं, दोघांनीही नीट बसणारा मास्क लावा. शुश्रूषा एकानेच करावी, शक्यतो तरुण आणि निरोगी माणसानं. गरोदर बाई, म्हातारी माणसं, तान्ही बाळं यांना दुसरीकडे झोपवता आलं तर बघा. प्रत्येक वेळी साबणानं हात. श्वास लागला, ओठ निळसर दिसले, गुंगी आली किंवा ताप उतरून पुन्हा चढला तर लगेच दवाखाना गाठा. आणि शुश्रूषा करणाऱ्याची बाकीची कामं घरातल्या इतरांनी आजपासूनच वाटून घ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी तोही आडवा पडतो.