कात्रजचा नळ पुन्हा चालू करा म्हणे!

पेठकर: जलमित्र, पुण्याच्या जुन्या कात्रज नळावरच्या तुमच्या कालच्या पोस्टचे दोन दावे. एक, कात्रजच्या नळात पाणी दाबाने चढायचं, म्हणून उच्छ्वास, म्हणजे नळावरची उभी बांधीव भोकं, बांधले. दोन, तो साफ करून आजही शहराला पाणी देता येईल. दोन्ही भंपक. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्यावर बांध घालून आणलेला हा नळ म्हणजे माणूस आत चालेल एवढा चुन्या-दगडाचा बंदिस्त पाट. शनिवारवाड्यापर्यंत ८ किलोमीटर उतार, पाणी मोकळं वाहायचं. दाब कुठला? त्रास गाळाचा. वरच्या तलावात गाळ बसायचा, खालच्यातून निवळलेलं पाणी सुटायचं; तरी जो नळात साचे तो उच्छ्वासातून माणूस उतरवून काढायचा.

जलमित्र: मग वाड्यातलं हजारी कारंजं फुंकरीने उडायचं का?

पेठकर: शेवटी उंचावर हौद ठेवून अरुंद नळी खाली आणली की कारंजं उडतं. अख्खा नळ दाबाखाली ठेवला असता तर चुन्याचे सांधे सुटले असते.

पाणचक्की: पुणेकरांचं जग कात्रजलाच सुरू होतं! निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ला वारला, त्याच्या कितीतरी आधी हर्सूलकडून त्याची नहर-ए-अंबरी, म्हणजे जमिनीखालचा पाट, औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर) शहरात आली होती. झिरपलेलं भूजल, त्यामुळे तुमच्यासारखा गाळ उपसत बसायला नको.

पेठकर: नहर आधीची, मान्य. सनावळी पाठ असेल तर हेही सांगा: भोवती बोअर पाडले आणि भूजल नहरीच्या तळाखाली गेलं, की तिच्यात काय वाहणार?

पाणचक्की: बोअर मलिक अंबरने पाडले नाहीत हो! बांधणाऱ्याच्या माथी कशाला मारता?

जलमित्र: नहर राहू द्या. पिण्याला नको, बागांना तरी द्या.

पेठकर: द्या की. आधी रस्त्याखाली गाडलेले उच्छ्वास शोधा, उघडा, कोंडलेला गॅस मोजा, मग माणूस उतरवा. इमारतीचा पाया नळात घुसलाय तिथे पाणी मागे तुंबेल आणि भेगांतून शेजारच्या तळघरात शिरेल. तेव्हा मिळेल तुमचा दाब! शिवाय सांडपाणी मुरतंय ते वेगळंच.

जलमित्र: म्हणजे सलग तुकडा सापडला तर बागेपुरतं जमेल?

पेठकर: तेवढ्यापुरतं जमेल. "शहराला पाणी" हे शब्द पोस्टमधून आधी काढा.